बाळंतविड्यातल्या दुपट्यासाठी सूत शोधताना

गेल्या वर्षी जूनमध्ये धाकट्या बहिणीने फोनवरून भाचीची गोड बातमी सांगितली आणि त्याच दमात "ताई, दुपटं मात्र तूच विणायचंस" असेही सांगून टाकले. पहिले बाळंतपण म्हणून भाची पुण्याहून सोलापूरला माहेरी येणार होती. दिवस डिसेंबरचे होते. झबली, टोपडी, लंगोट बहीण शिवून घेणार होती आणि विणलेले दुपटे माझ्या वाट्याला आले होते. नमुना, किनार, रंग यांचा विचार करायला सहा महिने हाताशी होते, पण मी सुरुवात केली ती सुतापासून, कारण सुताच्या बाबतीत एक जुनी रुखरुख माझ्या मनात घर करून होती.

आठ वर्षांपूर्वी पुतण्याच्या मुलीसाठी मी दोन सुयांवर असेच एक दुपटे विणले होते. फिक्या पिवळ्या रंगाचे, उलट-सुलट टाक्यांची चौकट असलेले ते दुपटे पूर्ण व्हायला अडीच महिने लागले आणि बारशाच्या दिवशी सगळ्यांनी ते हातात घेऊन पाहिले. महिन्याभराने पुन्हा त्या घरी गेले तेव्हा दोरीवर वाळत घातलेले ते दुपटे मला ओळखू आले नाही. टाक्यांचा उठाव पार नाहीसा झाला होता, कापड लोळागोळा होऊन एका बाजूने लोंबत होते आणि त्याला मेणकापडासारखी चकाकी आली होती. बाळाचे कपडे कढत पाण्यात भिजवायचे, चुबकायचे, कडक उन्हात वाळवायचे आणि वरून गरम इस्त्री फिरवायची, ही त्या घरची रीत होती. आपल्याकडे बहुतेक घरांत तीच असते आणि तान्ह्या बाळाच्या दृष्टीने ती योग्यही आहे. ती रीत सोसू न शकणारे सूत मी निवडले होते, म्हणून दोष माझ्या निवडीचा होता.

ते सूत ॲक्रिलिक होते. आपल्या बाजारात "लोकर" या नावाने जे गुंडे मिळतात ते बहुतांशी ॲक्रिलिकच असतात, मेंढीच्या लोकरीशी त्यांचा संबंध फक्त दिसण्यापुरता असतो. ॲक्रिलिक हा कृत्रिम तंतू आहे. तो स्वस्त असतो, रंग चांगला धरतो, आटत नाही, लवकर वाळतो आणि वजनाला हलका असतो, त्यामुळे साध्या पाण्यात धुतल्या जाणाऱ्या स्वेटरसाठी किंवा आजीच्या शालीसाठी मी आजही तोच घेईन. मात्र उष्णतेने तो मऊ पडतो, आणि मऊ पडलेल्या अवस्थेत ताणला किंवा दाबला गेला की त्याच आकारात कायमचा बसतो. इस्त्रीने मेलेला टाका पुन्हा उभा राहत नाही. शिवाय ॲक्रिलिक स्वतःच्या वजनाच्या जेमतेम दीड टक्का ओलावा धरते, तर कापूस सुमारे आठ टक्के धरतो. मे महिन्यात ४० अंशांच्या वर जाणाऱ्या सोलापुरात पाच महिन्यांचे बाळ कशात गुंडाळायचे, याचे उत्तर या दोन आकड्यांतच आहे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी नवी पेठेत आणि मधला मारुतीच्या परिसरात दुकाने फिरले आणि तीन प्रकारचे नमुने घेऊन आले. पहिले चार पदरी "बेबी" ॲक्रिलिक, १०० ग्रॅमला ६५ रुपयांचे. दुसरे मर्सराइज्ड, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने चमकदार केलेल्या कापसाचे क्रोशाचे सूत, १०० ग्रॅमला १५० रुपयांचे. तिसरे नुसते "कॉटन" अशी चिठ्ठी लावलेले, १०० ग्रॅमला ९० रुपयांचे. धुता येणारी मेरिनो लोकर मागवता आली असती. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते गरम पाण्यात आणि चोळण्याने एकमेकांत अडकून कापड आटते व जाड होते. धुता येणाऱ्या लोकरीत ते खवले रासायनिक प्रक्रियेने बोथट करून त्यांवर पातळ लेप दिलेला असतो. पण तिचा भाव माझ्या आवाक्याबाहेरचा होता आणि आपल्या हवेत तिची गरजही नव्हती, म्हणून तो विचार मी तिथेच सोडला.

घरी आल्यावर प्रत्येक सुताचे बोटभर टोक चिमट्यात धरून मोरीत, पाण्याच्या बादलीवर जाळून पाहिले. मर्सराइज्ड सूत कागदासारखे जळले, जळक्या कागदाचाच वास आला आणि मागे मऊ करडी राख उरली. ॲक्रिलिक तडतडत वितळले आणि थंड झाल्यावर टोकाला काळा, टणक मणी राहिला. "कॉटन" म्हणून घेतलेल्या तिसऱ्या सुताची राख झाली, पण राखेत तसेच टणक कण हाताला लागले, म्हणजे त्यात कृत्रिम तंतूंची भेसळ होती. दुकानदाराला ते ठाऊक होते की नव्हते हे मी सांगू शकत नाही. चिठ्ठीवरच्या शब्दापेक्षा जळलेल्या टोकावर विश्वास ठेवायचा, एवढे मात्र मी तेव्हापासून पाळते.

उरलेल्या दोन सुतांचे मी १५ बाय १५ सेंटिमीटरचे चौकोन विणले. दोन्हीला ४ मिलिमीटरची क्रोशाची सुई आणि सगळे मुके खांब, म्हणजे क्रोशाचे आखूड, घट्ट टाके, कारण दुपट्याचा टाका घट्टच हवा होता. सैल जाळीच्या भोकांत तान्ह्या बाळाची बोटे अडकतात, म्हणून जाळीचा नमुना कितीही सुंदर दिसला तरी मी बाळाच्या अंगावरच्या वस्तूला तो वापरत नाही. मग ते चौकोन बहिणीच्या घरी होणार तसेच धुतले. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, त्यामुळे धुण्याला बोअरचे पाणी वापरावे लागते आणि ते जड आहे. साबणाचा फेस धरत नाही आणि साबणाची साय कपड्यात बसून राहते. ही गोष्ट चाचणीत धरली नसती तर चाचणीला अर्थच उरला नसता. कढत पाणी, बोअरचे पाणी, गच्चीवरचे ऊन आणि इस्त्री, असे दहा वेळा केले.

दहा धुण्यांनंतर ॲक्रिलिकचा चौकोन १५ चाच होता, पण त्यावर गोळे धरले होते आणि इस्त्रीची बाजू चकाकत होती. मर्सराइज्ड सुताचा चौकोन १४.७ वर आला, रंग जसाच्या तसा राहिला, चमकही टिकली. ही चमक जॉन मर्सर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८४४ च्या सुमारास सुरू केलेल्या प्रयोगांची देणगी आहे. कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणातून काढले की कापसाचा चपटा, पिळलेला तंतू फुगून गोल होतो, बळकट होतो आणि रंग अधिक धरतो, हे त्याने दाखवले. सूत ताणून धरून ही प्रक्रिया केली की चमक येते, हे पुढे १८९० च्या सुमारास दुसऱ्याच्या हातून साध्य झाले. म्हणजे टिकण्याच्या दृष्टीने मर्सराइज्ड सूत खरे उतरले. पण घट्ट टाक्याच्या, ९० सेंटिमीटर चौरस दुपट्याला ६०० ग्रॅम सूत लागणार होते, म्हणजे ९०० रुपये. शिवाय गुळगुळीत झालेला तो धागा पाणी पटकन टिपत नव्हता आणि गालाला किंचित गार, निसरडा लागत होता. माझे मन तिथे थांबेना.

शेजारी एक अण्णा राहतात. पूर्व भागातल्या टॉवेलच्या कारखान्यांत त्यांनी चाळीस वर्षे यंत्रमाग चालवला. गच्चीवर माझे चौकोन वाळताना पाहून त्यांनी चौकशी केली, सगळे ऐकून घेतले आणि दोरीवरच्या आमच्या घरच्या टॉवेलला हात लावून म्हणाले, "ताई, हा किती वर्षांचा?" मी आठवून सांगितले, अकरा. "मग ह्याचंच सूत घ्या की. ह्याच्यापेक्षा जास्त मार खाल्लेलं सूत तुम्हाला कुठल्या दुकानात भेटणार आहे?"

१८७७ साली "जुनी मिल" म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली तेव्हापासून सुतावर जगत आलेल्या गावात मी जन्मले, वाढले. इथल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, हे मी पाहुण्यांना अभिमानाने सांगते. आणि तरीही विणायचे म्हटले की माझे पाय लुधियानाहून येणाऱ्या गुंड्यांकडे वळत होते. तो अकरा वर्षांचा टॉवेल मी त्या दुपारी खाली आणून नीट पाहिला. काठ विरले होते, मधले फंदे, म्हणजे वर उभे असलेले धाग्याचे वेढे, काही ठिकाणी बसले होते, पण पाया शाबूत होता. अण्णांनी नखाने धागा उचलून दाखवला. टॉवेलचे वरचे फंदे सैल पिळाच्या सुताचे असतात म्हणून ते पाणी टिपतात, आणि त्यांना धरून ठेवणारा पाया घट्ट पिळाच्या दुपदरी सुताचा असतो. त्या पायाच्या सुताला कारखान्यात "दोन-वीस" म्हणतात आणि २/२० असे लिहितात.

हा आकडा समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तितका त्याचा काउंट. काउंट जितका मोठा तितके सूत बारीक. २० काउंटचे दोन धागे एकत्र पिळले की २/२० होते आणि त्याची जाडी १० काउंटाइतकी भरते. १० गुणिले ८४० यार्ड, म्हणजे एका ग्रॅमला सुमारे १७ मीटर. मला ४ मिलिमीटरच्या सुईसाठी १०० ग्रॅमला साधारण २०० मीटर भरेल असे सूत हवे होते, म्हणजे २/२० चे आठ पदर एकत्र केले की १०० ग्रॅमला सुमारे २१० मीटर. हे गणित मी वहीत दोनदा मांडून पाहिले, कारण इथे चूक झाली असती तर किलोभर सूत वाया गेले असते.

अण्णांच्या ओळखीने अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतून मला कोऱ्या, न रंगवलेल्या २/२० सुताचा एक किलो मिळाला, ३२० रुपयांना. आठ पदर नुसते हातात एकत्र धरून विणायचा प्रयत्न मी आधी केला, पण प्रत्येक खांबाला एखादा पदर सुईतून निसटायचा आणि कापडावर बारीक फंदे लोंबायचे. लहान बाळाच्या बोटाला असा सुटा पदर गुंडाळला जाणे धोक्याचे असते, त्यामुळे ती सोय बाद झाली. मग ते सूत डबलिंगच्या, म्हणजे पदर एकत्र पिळणाऱ्या यंत्रावर पीळ देऊन घेतले, त्याचे ८० रुपये झाले. दुपदरी सुताला ज्या दिशेचा पीळ असतो त्याच्या उलट दिशेने आठपदरीला पीळ द्यावा लागतो, नाहीतर सूत स्वतःभोवतीच वेटोळी घेत राहते, हे अण्णांनी यंत्रवाल्याला बजावून सांगितले होते.

कोनावरून, म्हणजे सूत गुंडाळलेल्या शंकूवरून आलेले सूत दिसायला दुधाळ, हाताला किंचित खरखरीत आणि मेणचट होते. त्याचाही चौकोन मी विणला आणि धुतला, तर दहा धुण्यांत १५ चा १३.८ झाला. एवढे आटणारे सूत दुपट्याला चालणार नव्हते. अण्णांच्या घरच्या अक्कांनी उपाय सांगितला: विणायच्या आधीच सुताला जेवढे आटायचे तेवढे आटू द्या, उकळून घ्या.

पाणी येण्याच्या दिवशी, नळाच्या पाण्यावर, मी हे काम काढले. खुर्चीच्या पाठीभोवती सूत गुंडाळून चार लड्या केल्या आणि प्रत्येक लडी चार ठिकाणी सैल बांधली. गच्च बांधली असती तर तिथे पाणी शिरले नसते. पहिली लडी पातेल्यातल्या पाण्यावर ठेवली तेव्हा ती बुडेचना. कापसाच्या बोंडातले नैसर्गिक मेण कोऱ्या सुतावर तसेच असते आणि ते पाण्याला आत येऊ देत नाही. लडी होडीसारखी तरंगत राहिली, मी उलथन्याने दाबली की कडेने बारीक बुडबुडे सुटायचे आणि सोडली की ती पुन्हा वर यायची. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात पंधरा लिटर पाण्याला तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडी धुण्याची पावडर घालून मी मंद आचेवर दोन तास सूत उकळले. ॲल्युमिनियमचे पातेले यासाठी घेऊ नये, सोडा त्याला खातो. अर्ध्या तासात पाणी पिवळसर झाले, दोन तासांनी चहाच्या रंगाचे, आणि घरभर उकडलेल्या शेंगांसारखा वास पसरला. गार झाल्यावर लड्या चार पाण्यांतून काढल्या तेव्हा शेवटचे पाणी नितळ आले. त्यानंतर एका लडीचे कोरडे टोक पाण्याच्या वाटीत सोडून पाहिले, ते क्षणात ओले होऊन तळाला गेले. मला त्या क्षणी झालेला आनंद दुपटे पूर्ण झाल्यावर झालेल्या आनंदापेक्षा कमी नव्हता.

वाळल्यावर वजन केले तर किलोचे ९४० ग्रॅम भरले. मेण आणि इतर मळ निघून गेल्यामुळे ही घट अपेक्षितच होती. सूत मऊ, फुगीर झाले होते आणि त्याचा नवा चौकोन दहा धुण्यांनंतर १४.६ वर थांबला. इस्त्रीने त्याला काहीही झाले नाही. पुण्याला मशीनमध्ये धुतले जाणार म्हणून तोच चौकोन मैत्रिणीच्या मशीनमध्ये चादरींबरोबर चार वेळा फिरवून आणला, तरी मापात फरक पडला नाही.

रंगाचा प्रश्न उरला होता. पांढऱ्यावर एक किनार हवी, असा भाचीचा हट्ट होता. चादरीच्या कारखान्यात उरलेले रंगीत २/२० सूत, गर्द निळे आणि लालसर किरमिजी, मला थोडे थोडे मिळाले होते. दोन्हींचे टोक ओल्या पांढऱ्या सुती फडक्यात दाबून वरून गरम इस्त्री धरली. निळ्याने फडक्यावर काहीही सोडले नाही, किरमिजीने गुलाबी डाग सोडला. मीठ आणि व्हिनेगर घातले की रंग पक्का होतो, असे पुष्कळ जणी सांगतात, म्हणून किरमिजी सूत रात्रभर तसे भिजवूनही पाहिले, पण सकाळी पुन्हा तोच डाग पडला. तयार सुती धाग्यावरचा कच्चा रंग या उपायाने पक्का होत नाही. अण्णांच्या सांगण्यानुसार निळे सूत वॅट रंगाचे होते. हा रंग मुळात पाण्यात विरघळत नाही, रासायनिक प्रक्रियेने तो विरघळवून धाग्यात मुरवतात आणि हवा लागली की तो आतच पुन्हा न विरघळणारा होऊन बसतो. किरमिजी रंग माझा फार आवडता आहे, हातातून तो सोडताना वाईट वाटले, पण पांढऱ्या दुपट्याला तो लावण्याचा धोका मी घेऊ शकत नव्हते. किनार निळी झाली.

विणकाम ऑगस्टच्या मध्यावर सुरू झाले आणि दसऱ्यापर्यंत संपले. त्यात सांगण्यासारखे थोडेच आहे. कापसाला लोकरीसारखा ताण सोसत नाही, तो लवत नाही, त्यामुळे मनगट लवकर दुखते आणि दिवसाला दोन तासांच्या वर मला बसवले नाही. दुपटे थोडे आटणार हे धरून मी ते ९२ सेंटिमीटरचे केले. नवीन लडी जोडताना गाठ मारली नाही, दोन्ही टोके चार-चार बोटे टाक्यांतून उलटसुलट ओवून घेतली, कारण गाठ बाळाच्या अंगाला रुतते आणि धुण्यात सुटते. पूर्ण झालेले दुपटे ६१० ग्रॅम भरले. सूत, पीळ, सोडा, गॅस सगळे धरून किलोला ४५० रुपयांच्या आत खर्च आला होता, म्हणजे दुपट्याच्या वाट्याला पावणेतीनशे रुपये. ॲक्रिलिकचे साडेचारशे ग्रॅमचे दुपटे मला जवळपास तेवढ्यालाच पडले असते.

वजनाची एक अडचण मात्र खरी आहे आणि ती मी बहिणीला आधीच सांगून ठेवली होती. ओले झाले की हे दुपटे फार जड होते आणि दोरीवर एका टोकाने टांगले तर स्वतःच्याच भाराने लांबते. ते आडवे, खाटेवर किंवा दोन दोऱ्यांवर पसरून वाळवावे लागते. डिसेंबरात पहाटेच्या थंडीत बाळाला टोपडे हवे म्हणून मी उरलेल्या सुताचे एक टोपडे विणले, आणि त्यातूनही वाचलेल्या सुताचे अंग पुसायचे चार लहान चौकोन केले. बाळंतिणीला मालिश करायला येणाऱ्या मावशींनी ते चौकोन पाहून आणखी दोन मागून घेतले.

बाळ आता सहा महिन्यांचे आहे आणि पुण्यात आहे. मागच्या महिन्यात मी तिकडे गेले तेव्हा सोबत मोजपट्टी नेली होती. दुपटे ८९ सेंटिमीटर भरले, पांढऱ्यावर निळ्याचा कुठे मागमूस नव्हता, आणि भाचीने सांगितले की ते आठवड्यातून तीन वेळा मशीनमध्ये जाते. एका कोपऱ्यात किनारीचा टाका उसवला होता. पेटीत त्याच उकळलेल्या सुताची एक लहान लडी आणि निळ्याचे दोन हात मी जपून ठेवले होते, ते घेऊन गेले होते म्हणून तिथेच बसून तो दुरुस्त केला.